चोरीस चोरीस गेलं, आणि माद्रिदवाली हसतच सुटली

खारी_बिस्किट (धागाकर्ती)
मंडळी, प्रश्न भाषेचा आहे पण सुरुवात घरातल्या घटनेपासून करावी लागतेय. गेल्या आठवड्यात गोव्याहून येताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरीसची माळ आणली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चोरीस म्हणजे गोव्याचं पोर्क सॉसेज, बोराएवढे लालतपकिरी मणी दोऱ्यात ओवलेले. फ्रिजमध्ये ठेवली तर नवरा म्हणाला दुधाला वास लागतो (खरंच लागतो), म्हणून किचनच्या बाल्कनीत कपड्यांच्या दोरीला टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोरी आहे, चिमटे आहेत, माळ नाही. पाचवा मजला, ठाणे. नवऱ्यानं फॅमिली ग्रुपवर टाकलं, "चोरीस चोरीस गेलं". सासूबाईंचा रिप्लाय आला, "एकदा लिहिलं तरी कळतं रे."

पण खरी गंमत पुढे. ऑफिसात माझा रोज माद्रिदच्या टीमबरोबर कॉल असतो, माझं स्पॅनिश कामापुरतं आहे, तर मी तिथल्या कलीगला सांगितलं की माझं चोरिथो कोणीतरी चोरलं (स्पेनमध्ये 'चोरिथो', दक्षिण अमेरिकेत 'चोरीसो'). ती हसतच सुटली. म्हणाली, मग चोरिथोनंच चोरिथो चोरलं म्हण की! त्यांच्याकडे बोलीभाषेत चोरिथो म्हणजे भुरटा चोर. मी म्हटलं आमच्याकडेही चोराला चोरच म्हणतात, तर आता ती गप्प आणि मी पण गप्प, दोघी स्क्रीनकडे बघतोय.

तर आपला चोर आणि त्यांचा चोरिथो एकच का? आणि मग सॉसेजला हे नाव पडलं तरी का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अतिशहाणा_बंड्या
यात विचारायचं काय. पोर्तुगीज आले, आपला 'चोर' ऐकला, घेऊन गेले. मांस आतड्यात लपवून ठेवतात ना, चोरकप्प्यात ठेवल्यासारखं, म्हणून चोरीस. प्रूव्ह मी राँग.

कोशवाली
राँग. आणि मी आत्ता चहा ठेवलाय गॅसवर तरी लिहितेय कारण हे एकदा फॉरवर्ड झालं की आवरायचं नाही.

हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगानं एकसारखे दिसणारे. स्पॅनिश अकादमीच्या कोशात चोरिथोच्या चक्क दोन स्वतंत्र नोंदी आहेत. पहिली सॉसेजची, तिच्यापुढे 'उगम अनिश्चित' लिहिलंय. पोर्तुगीज कोश मात्र त्यांच्या शब्दाचं मूळ लॅटिनच्या 'साल्सिकियुम'मध्ये दाखवतात, म्हणजे मीठ लावलेलं. त्याच घराण्यातलं इंग्रजी सॉसेज, शिवाय सॉस, साल्सा, सलामी, सॅलड सगळे मिठाचेच नातेवाईक. यात चोर कुठेच नाही, आणि पोर्तुगीजांचं जहाज भारताच्या किनाऱ्याला लागलं १४९८ला, सॉसेज त्याआधीपासून खातायत ते.

दुसरी नोंद चोराची. ती 'कालो'मधून आली. कालो म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी, म्हणजे रोमा लोकांची बोली, व्याकरण स्पॅनिश आणि शब्द रोमानी. त्यात 'चोरी' म्हणजे चोर आणि 'चोरार' म्हणजे चोरणे. आणि रोमानीतला 'चोर' थेट आपल्या चोराचा सख्खा भाऊ, कारण या लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेला गेले. रोमानीत पाणीला पानी, नाकाला नाख, कानाला कान, विसाला बिश. हे नातं १७८२ साली र्‍युडिगर नावाच्या जर्मनानं रोमानी आणि हिंदुस्तानी शेजारी ठेवून दाखवलं होतं.

मग कालोतला 'चोरी' स्पॅनिश माणसाच्या कानावर पडला, त्याच्या तोंडात सॉसेजचा शब्द आधीपासून होताच, त्यानं गमतीत शेपूट लावून चोरीचा चोरिथो करून टाकला. म्हणजे चोरावरून सॉसेज नाही, सॉसेजच्या साच्यात चोर ओतला असं समजा. चहा उतू गेला.

अतिशहाणा_बंड्या
मान्य. चहाबद्दल सॉरी.

फक्त_वाचक
पण मग छावा? रोमानीत मुलाला 'छावो' म्हणतात असं कुठेतरी वाचलं होतं.

कोशवाली
हो हो, तोच. संस्कृत शाव, प्राकृतात छाव, मराठीत छावा, रोमानीत छावो. स्पॅनिशमध्ये पोराला 'चाव्हाल' म्हणतात तो त्यातलाच, मेक्सिकोतला 'चावो' पण. इंग्रजीतला पाल म्हणजे दोस्त, तो रोमानी 'फ्राल' म्हणजे भ्राता. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडात अजूनही चोरण्याला 'चोर' म्हणणारे लोक आहेत, क्रियापद म्हणून.

पेद्रूचा_नातू
आमच्या चोरीसचा विषय निघाला आणि मी उशिरा आलो, माफी. म्हापसेकर आहे.

पहिली गोष्ट, ही माळ बाल्कनीत टांगली म्हणून तुमचं काही चुकलं नाही बाय, टांगायचीच वस्तू ती. आमची आजी चुलीच्या वर टांगायची, धुरात. पोर्कचे बारीक तुकडे करायचे, खिमा नाही, हे लक्षात ठेवा, हाताने केलेले तुकडे. मीठ लावून वर वरवंटा किंवा दगड ठेवून पाणी काढायचं, मग ऊन. मग मसाला, लाल मिरची, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी, सगळं माडाच्या सुरेपासून केलेल्या विनेगरमध्ये वाटलेलं, पाण्याचा थेंब नाही. काही जण वर थोडी फेणी पण. मग आतड्यात भरायचं, दोऱ्यानं आवळून मणी पाडायचे, परत ऊन आणि धूर. सगळा खटाटोप पावसाच्या आधी, कारण जून ते ऑगस्ट मासे नाहीत की बाजार धड नाही. त्या बेगमीला आम्ही पुरुमेंत म्हणतो, तोही पोर्तुगीज शब्द, प्रोव्हिमेंतो.

दुसरी गोष्ट. आज लिस्बनला जाऊन चोरीस मागितलं तर ते 'शोरीसु' म्हणतील. त्यांचा च पुढे श झाला. पण शब्द आमच्याकडे आला तेव्हा ते च म्हणायचे, म्हणून आमच्या तोंडात तो जुना च राहिला. तुमच्या मराठीतली चावी बघा, तिथे ते आता 'शाव्ह' म्हणतात. म्हणजे जुनी पोर्तुगीज ऐकायची असेल तर ठाण्यात किल्लीवाल्याकडे जावं.

खारी_बिस्किट (धागाकर्ती)
हे भारी आहे!! चावीचं माहीतच नव्हतं. आणि आता अजून वाईट वाटतंय माळेचं.

निव्वळ_शाकाहारी
व्हेज चोरीस मिळतं का कुठे? प्रामाणिक प्रश्न.

पेद्रूचा_नातू
मिळतं म्हणतात. मी खाल्लं नाही, आजी वरून बघते.

सोलचौकातली
मी २०११ला माद्रिदला मास्टर्स करत होते म्हणून हे लिहायलाच हवं. त्या वर्षी १५ मेपासून पुएर्ता देल सोल चौकात लोक ठाण मांडून बसले होते, मंदी, बेरोजगारी, राजकारण्यांचे घोटाळे, सगळ्याचा राग. आम्ही रोज संध्याकाळी क्लास सुटला की तिकडे जायचो, निळ्या ताडपत्र्या, पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेल्या पाट्या, कोणीतरी मोठ्या पातेल्यात मसूर शिजवतंय असं सगळं. त्यात एक घोषणा सगळीकडे होती, 'नो आय पान पारा तांतो चोरिथो'. शब्दशः, इतक्या चोरिथोला पुरेल एवढा पाव नाही. त्यांचं चोरिथो पावात घालून खातात, म्हणून वर वर बघता सँडविचची तक्रार, आणि आत अर्थ असा की इतके चोर झालेत की देशातली भाकरी पुरेना.

मी तेव्हा घरी फोन करून आईला समजावायचा प्रयत्न केला होता, सॉसेज, चोर, पाव, पाच मिनिटं बोलल्यावर आई म्हणाली "बरं, जेवलीस का?" कुठल्याही भाषेत सांगायला गेलं की तो विनोद मरायचा, एकतर चोर सांगा नाहीतर सॉसेज सांगा. हा धागा वाचताना आत्ता ट्यूब पेटली की गोव्याच्या वाटेनं गेलं तर मराठीत तो जसाच्या तसा येतो:

एवढ्या चोरीसांना पाव पुरायचा नाही.

चोर आहे, चोरीस आहे, पाव आहे, सगळं जागेवर. जगात असं अजून कुठे होत असेल मला वाटत नाही.

कोशवाली
अगं हे फार सुंदर आहे. आणि नुसता योगायोग पण नाही. चोर हा शब्द इथून जमिनीच्या वाटेनं, इराण, अनातोलिया, बाल्कन करत स्पेनला पोचला, रोमा लोकांचा स्पेनमधला पहिला कागद १४२५चा आहे, अरागॉनच्या राजानं दिलेला प्रवासाचा परवाना. चोरीस आणि पाव हे दोघे तिकडून समुद्रानं इकडे आले, पाव म्हणजे पोर्तुगीज पाऊं, स्पॅनिश पान. आपले शब्द तिकडे आणि त्यांचे शब्द इकडे, म्हणून तुझं वाक्य जमतं.

बेकरीवाला_अण्णा
पाव पायानं मळतात म्हणून पाव, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं.

पेद्रूचा_नातू
अण्णा, आमचा पोदेर (गोव्याचा पाववाला) ऐकला तर सायकलवरून उतरून मारेल.

तिखटजाळ
आणि मिरची विसरू नका. कोलंबसाच्या आधी युरोपात मिरचीच नव्हती म्हणजे आधीचं चोरिथो लाल नव्हतंच, फिकं नाहीतर काळपट. अमेरिकेतून मिरची एका बाजूला स्पेनला गेली, तिथे तिची धुरावलेली पूड झाली ती त्यांच्या चोरिथोत, आणि पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली ती चोरीसमध्ये. दोघेही लाल एकाच कारणानं, जास्त तिखट मात्र आपलं.

फक्त_वाचक
एक गोष्ट खटकतेय, सांगू का. रोमा लोकांकडून स्पॅनिशनं शब्द घेतला तो नेमका चोर? म्हणजे हजार शब्दांतून हाच उचलला. ते लोक चोर असं म्हणायचं नाहीये मला, उलट.

कोशवाली
बरोबर खटकतंय. पण फक्त हाच नाही उचलला, काम करणे याला बोलीत 'कुरार' म्हणतात तोही कालोतला आणि त्याचं मूळ बहुधा आपलं कृ, करणे. प्रेम करणे, लाडीगोडी लावणे याला 'कामेलार', तो आपला कामदेवातला काम. पण आपण गमतीनं सांगताना चोरच सांगतो, कारण ती कीर्ती आधीच चिकटवलेली. १४९९ला त्यांच्यावर फर्मान निघालं की एका जागी बसा आणि धंदा धरा नाहीतर देश सोडा. १७४९च्या जुलैमध्ये तर एका रात्रीत देशभर धरपकड झाली, बाया एकीकडे पुरुष एकीकडे, हजारो लोक वर्षानुवर्षं डांबले. भाषा बोलायची बंदी होती म्हणून तर कालोचं व्याकरण गेलं आणि सुटे शब्द उरले. ते शब्द तुरुंगात, बाजारात, फ्लॅमेंकोच्या अड्ड्यांवर इतरांच्या तोंडी बसले. आज स्पेनमध्ये चोरिथो म्हणतात तो बहुतेक वेळा सूटबूटवाल्या नेत्याला, हे त्यातल्या त्यात बरं.

फक्त_वाचक
धन्यवाद, हे माहीत नव्हतं.

पांपासी_पुणे
जरा हलकं करतो. मी ब्युनोस आयरेसला तीन वर्षं होतो. पहिल्याच आठवड्यात हॉटेलात 'बिफे दे चोरीसो' मागवला, म्हटलं सॉसेज येईल, तर पुढ्यात आला पाट्याएवढा बीफचा तुकडा, सॉसेजचा पत्ता नाही. नुसत्या कापाचं नाव आहे ते. मी दोन घास खाल्ले, बाकीचं वेटरनं काळजीनं पॅक करून दिलं, त्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही.

तिथे 'मे इंपोर्ता उन चोरीसो' म्हणजे मला काडीचा फरक पडत नाही. आणि जुन्या वस्तीत 'कासा चोरीसो' म्हणून घरं असतात, रस्त्याला तोंड छोटं, आणि आत एकामागे एक खोल्या लांबच लांब, बाजूनं अंगण. मी बघितलं आणि म्हटलं हा तर सदाशिवातला वाडा की, पुढे दुकान, मागे बोळ, शेवटी संडास.

स्टुटगार्टकर
काडीचा फरक पडत नाही याला आमच्याकडे जर्मनीत पण सॉसेजच! 'दास इस्ट मीर वुर्श्ट', मला ते सॉसेज आहे. माझा मॅनेजर दिवसातून दहा वेळा म्हणतो, पहिले सहा महिने मला वाटायचं याला सारखी भूक लागते. आणि रुसून बसणाऱ्याला 'रुसलेलं लिव्हरवुर्स्ट'. सगळ्यांना डाळभात आणि याला वेगळं ताट हवं अशा माणसाला 'एक्स्ट्रावुर्स्ट' लागतो म्हणतात. आमच्या हाफिसातल्या शाकाहारी ग्रुपला हे ऐकवलं जातं, आम्ही पण हसतो, मनातून नाही.

अवांतर: इथून जवळच वाइन्सबर्ग गाव आहे, तिथे केर्नर नावाचे डॉक्टर होते, कवी पण होते, त्यांनी १८२० आणि १८२२ला खराब सॉसेज खाऊन मेलेल्या लोकांचा अभ्यास छापला. लॅटिनमध्ये सॉसेज म्हणजे 'बोटुलुस', त्यावरून त्या विषबाधेला बोट्युलिझम. तेच विष आता थेंबभर पातळ करून कपाळात टोचतात, त्याचं नाव बोटॉक्स. म्हणजे शब्दानुसार सिनेनट्या तोंडाला सॉसेज लावतात.

ताईसाहेब७२
मी आत्ता मिस्टरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले धाग्याचं पण सॉसेजच झालंय, भरत चाललंय.

पेद्रूचा_नातू
ताई, मिस्टरांना पोर्तुगीज येतं का? त्यांच्याकडे अगदी हाच वाक्प्रचार आहे, 'एंशेर शोरीसुश', चोरीस भरत बसणे. म्हणजे सांगायला काही नाही पण वेळ भरायचाय म्हणून पाणी घालून बोलणं. आमच्या गावच्या चर्चमध्ये एक पाद्री होते, प्रवचन लांबलं की आजोबा पाठीमागच्या बाकावरून आजीला कुजबुजायचे, भरता रे भरता. मला लहानपणी वाटायचं पाद्रीच्या घरी आज चोरीस आहे.

नेपथ्यवाला
नाटकवाला म्हणून माझं एक. अठराव्या शतकात माद्रिदला दोन थिएटरांच्या चाहत्यांत हाणामाऱ्या व्हायच्या, एका गटाचं नाव 'पोलाको' म्हणजे पोलंडवाले आणि दुसऱ्याचं नाव चक्क 'चोरिथो'. गोष्ट अशी सांगतात की एका प्रहसनात नटाला स्टेजवर चोरिथो खायचं होतं आणि प्रॉपर्टीवाला ते आणायला विसरला, तर नटानं तिथल्या तिथे त्याला असा काही झापला की प्रेक्षक लोटपोट, आणि गटाला नाव पडलं. मला विचाराल तर विसरला नसेल. विंगेत खाल्लं असेल. आमच्याकडे तिसऱ्या अंकातली भजी दुसऱ्या अंकातच संपतात.

अतिशहाणा_बंड्या
म्हणजे शेवटी चोरिथो चोरणारा चोरिथो. मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो?

कोशवाली
बंड्या.

सोलचौकातली
धागाकर्ती, ते सगळं ठीक पण माळ कोणी नेली? मांजर?

खारी_बिस्किट (धागाकर्ती)
अपडेट!! मांजर निर्दोष आहे. आत्ता तासाभरापूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली, काकू कांदालसूणही न खाणाऱ्या, हातात कॅरीबॅग. म्हणाल्या, "अगं, परवा वाऱ्यानं तुझं तोरण आमच्या ग्रिलवर पडलं होतं, गोव्याहून आणलंस ना? छान आहे हो, पण कसला तरी कुबट वास येत होता, म्हणून मी साबणाच्या पाण्यात भिजवून, ब्रशनं घासून, दोन दिवस उन्हात वाळवून आणलंय."

बॅगेत माळ. एकही मणी कमी नाही. लिंबाचा वास.

मी थँक्यू म्हटलं आणि दार लावलं. पेद्रूचा_नातू, तुम्ही म्हणता पाण्याचा थेंब नको, हे अख्खं बादलीत बुडवलंय, आता काय करू? आणि काकूंना सांगू का?

पेद्रूचा_नातू
वरचं आवरण असं ना तसं काढायचंच असतं, पण साबण आत गेला असणार, खाऊ नका, टाकून द्या. पुढच्या शुक्रवारी म्हापशाहून दुसरी पाठवतो, पत्ता व्यनि (वैयक्तिक निरोप) करा.

काकूंना अजिबात सांगू नका.

ताईसाहेब७२
आणि टाकू पण नका इतक्यात. दोन दिवस दाराला लावा, काकू बघतील.